सुटले म्हणेपर्यंत

सकाळी थोरलीने खुर्चीत बसायचं आणि धाकटीने कंगवा घेऊन तिच्या मागे उभं राहायचं, हे आता त्या घराच्या अंगवळणी पडलं होतं. दोघी जावा. दोन भावांच्या बायका म्हणून एका घरात आल्या, एका लॉन्ड्रीत कामाला लागल्या, आणि एकाच यंत्रावर समोरासमोर उभं राहून म्हाताऱ्या व्हायचं असं दोघींनी मनाशी धरून टाकलं होतं. पण थोरलीचा उजवा खांदा गेला. कप उचलता यायचा, पीठ कसंबसं मळता यायचं, पण हात खांद्याच्या वर न्यायचा म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मग केस कसले विंचरतेय!

"आज जरा घट्ट बांध," थोरली म्हणाली. "सुनावणीला जायचंय. अवतार दिसायला नको."

"दिसू दे की अवतार. दया तरी येईल त्यांना."

"दया कोण मागतंय? ऑपरेशन मागतेय मी."

धाकटी गप्प झाली. ती हल्ली फार गप्प व्हायची. उजव्या हाताची बोटं मिटून ठेवायची सवयही तिला हल्लीच लागली होती, आणि त्याचं कारण थोरलीला ठाऊक होतं. दोघी त्यावर बोलत मात्र नव्हत्या.

लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. गावभरच्या हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे ट्रक भरभरून यायच्या. धुऊन झाल्या की त्या रोलरवर जायच्या. रोलर म्हणजे वाफेने तापलेले, माणसापेक्षा लांब, जाडजूड लोखंडी दंडगोल. एका बाजूने ओली चादर आत घालायची, दुसऱ्या बाजूने कडक इस्त्रीची बाहेर झेलायची. घालणारी एक, झेलणारी एक. थकायला होतं म्हणून पाळीपाळीने बाजू बदलायच्या. झेलणारीच्या डोक्यावर एक लाल दोरी लोंबायची. ती ओढली की रोलर थांबायचा, आणि ओढून धरलेली असेपर्यंत पुन्हा सुरू व्हायचा नाही. घालणारीचे हात तर रोलरच्या तोंडाशी असायचे. तिला दोरीपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. म्हणूनच जोडी.

दोरीचा एक रिवाज होता. तो कुठल्या पाटीवर लिहिलेला नव्हता, पण नवी बाई आली की पहिल्या दिवशी तिला तोच शिकवायचा. कुणाची किंकाळी ऐकू आली की कुणाचा हात गेला हे बघत बसायचं नाही; जिच्या डोक्यावर दोरी असेल तिने ती ओढायची. हॉलमधले सगळे रोलर थांबले तरी बेहत्तर. आणि जिचा हात अडकला ती स्वतःच्या तोंडाने "सुटले" म्हणेपर्यंत कुणीही दोरी सोडायची नाही. कधीकाळी कुणीतरी घाईने सोडली होती, आणि त्या बाईची तीन बोटं गेली होती. ती बाई आता हयात नव्हती, तिचा रिवाज होता.

थोरलीचा खांदा गेला त्या दिवशी ती घालायच्या बाजूला होती. भिजलेली चादर मनगटाला गुंडाळली गेली आणि रोलरने तिचा हात कोपरापर्यंत आत खेचला. धाकटीने दोरी ओढली, म्हणून हात वाचला. खांद्यातले स्नायू मात्र तेवढ्यात फाटले. त्या दिवशी थोरली वेदनेने बेशुद्ध होता होता "सुटले" म्हणाली होती, आणि तेव्हा कुठे हॉलभरच्या बायकांनी दोऱ्या सोडल्या होत्या.

आता एरवी काय झालं असतं? पूर्वीच्या कायद्याने थोरली आपल्या डॉक्टरकडे गेली असती, त्याने सांगितलेलं ऑपरेशन झालं असतं, आणि बरं वाटेपर्यंत ती घरी बसली असती. पण तिचं नशीब असं, की नेमका तिच्या अपघाताच्या थोडं आधी कायदा बदलला. कामगारांच्या हितासाठी बदलला, म्हणे! जखमी माणूस घरी बसला की खचतो, कामावर आला की लवकर बरा होतो, असं कुणा मोठ्या लोकांनी थंड हवेच्या खोलीत बसून ठरवलं. त्यातल्या एकाने तरी ओली चादर उचलून बघितली असेल का? पण नाही. नव्या कायद्यात डॉक्टर विमा कंपनीचा. मालकाने "हलकं काम" दिलं तर ते करायलाच हवं. नाही म्हटलं की औषधपाणी बंद. अपघात ठरल्या मुदतीत लेखी कळवला नाही तर तो झालाच नाही. आणि दुखावलेला अवयव नीट चालतो असं कुठे दिसून आलं, की सगळंच बंद.

हॉस्पिटलचा डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन लवकर करा, नाहीतर हात कायमचा जाईल. विम्याचा डॉक्टर म्हणाला, आधी हलकं काम करून बघू या. बघू या! जणू याचाच खांदा होता तो.

लॉन्ड्रीच्या मॅनेजरला सगळ्या बायका साखरसाहेब म्हणायच्या. माणूस कधी आवाज चढवायचा नाही. गळा कापतानासुद्धा "ताई, मान जरा वर" म्हणेल, असा. त्याने थोरलीसाठी हलकं काम शोधून काढलं. हॉलच्या कोपऱ्यात, धाकटीच्या रोलरशेजारीच, एक जुनी काचेची केबिन होती. तिथे एक खुर्ची, एक टेबल, आणि हॉटेलच्या जुन्या गणवेशांच्या बटणांचं खोकं. बटणं रंगाप्रमाणे वाट्यांत वेगळी करायची. डाव्या हाताने केलं तरी चालेल, ताई. काही घाई नाही, ताई.

थोरलीने इमानेइतबारे बटणं वेगळी केली. संध्याकाळी साखरसाहेबांनी येऊन पाहिलं, वा वा म्हणाले, आणि सगळी वाट्यांतली बटणं पुन्हा खोक्यात ओतून खोकं खळखळ हलवलं.

"उद्यासाठी," ते म्हणाले.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करते काय! परवानगीशिवाय खुर्ची सोडली तर हलकं काम नाकारलं असं होणार होतं, आणि ऑपरेशन त्या खुर्चीच्या पायाला बांधलेलं होतं. ती खुर्ची सोडते का हे बघायला केबिनच्या मागच्या भिंतीवर दाराच्या दिशेने खास कॅमेराही बसवला होता. वाफेच्या पाइपाला गळती होती, ती दुरुस्त करायला पैसे नव्हते. पण कॅमेरा नवा कोरा होता. थोरली रोज त्याच्याकडे पाठ करून बसायची.

खरी मेख पुढेच होती. थोरली कागदोपत्री कामावर हजर होती ना! मग तिच्या जागी दुसरी बाई कशाला भरायची? धाकटी एकटीच दोन्ही बाजू सांभाळायला लागली. चादर घालायची, पळत जाऊन झेलायची, पुन्हा पळत येऊन घालायची. दोरीखाली कुणी नाही. थोरली काचेतून ते बघायची आणि तिचा जीव टांगणीला लागायचा.

आणि एके दिवशी झालंच. धाकटीची बाही आत गेली. ती ओरडली. दोरीखाली कुणी नव्हतं, आणि वाफेच्या फुसफुशीत ती हाक कुणाला ऐकू गेली नाही. ऐकली फक्त थोरलीने.

ती केव्हा उठली, खुर्ची केव्हा पडली, तिला आठवत नाही. ती धावली आणि तिने दोरी ओढली. उजव्या हाताने. इतकी वर्षं ज्या हाताने ओढली त्याच हाताने. डावा हात रिकामा होता की. पण हाताला कुठे कायदा माहीत असतो! रोलर थांबला. धाकटी पलीकडून रडत रडत "सुटले, सुटले" म्हणाली, तेव्हा थोरलीने दोरी सोडली, मग खांद्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि ती तिथेच जमिनीवर बसून ओकली. धाकटीच्या बोटांची टोकं भाजली होती. हात वाचला होता.

हे सगळं त्या दिवशी कुठेच नोंदलं गेलं नाही.

सुनावणीची खोली लहान होती. भिंतीवरचं घड्याळ बंद, पंखा चालू. टेबलामागे अधिकारी मॅडम बसल्या होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, दिवसभर अशीच प्रकरणं ऐकून थकलेल्या. एका बाजूला साखरसाहेब आणि विमा कंपनीचा वकील. दुसऱ्या बाजूला थोरली. मागच्या बाकावर धाकटी, मिटलेली बोटं मांडीवर घेऊन.

वकील तरुण होता, चुणचुणीत होता. त्याने आधी थोरलीच्या डोक्याकडे बघितलं.

"केस छान बांधलेत तुम्ही," तो म्हणाला. "खांद्याच्या वर हात जात नाही म्हणता, मग हे कसं जमतं?"

"ते मी बांधलेत," मागून धाकटी म्हणाली.

"विचारल्याशिवाय बोलू नका," अधिकारी मॅडम म्हणाल्या. धाकटी खाली बसली.

मग त्याने लॅपटॉप फिरवला. थोरलीला वाटलं होतं डॉक्टरांचे कागद दाखवतील. पडद्यावर तिची केबिन दिसली, तिचीच पाठ दिसली. ती ताडकन उठली, धावली, आणि दाराबाहेर तिचा उजवा हात डोक्याच्याही वर सरळ गेला. दोरी ओढली गेली. वकिलाने चित्र तिथेच थांबवलं. हात वर. आणि तिथे धाकटी नव्हती. रोलरची ती बाजू कॅमेऱ्यात येतच नव्हती. थोरलीचं जमिनीवर बसणंही त्यात नव्हतं.

"खांदा उत्तम चालतोय," वकील म्हणाला. "शिवाय परवानगीशिवाय खुर्ची सोडली आहे."

 थोरलीच्या तोंडातून शब्द फुटले ते एकदम.

"अहो, माझी जाऊ अडकली होती! तिचा हात गेला असता! मी काय खुर्चीत बसून बटणं वेचत राहू?"

अधिकारी मॅडमनी साखरसाहेबांकडे बघितलं. "त्या दिवशी अपघात झाला होता?"

साखरसाहेब हळुवार हसले. "आमच्याकडे तशी काही नोंद नाही, मॅडम."

"खोटं बोलतात!" धाकटी उठून उभी राहिली. तिने बोटं उघडली; टोकांवर गुलाबी, ताणलेली, नवी कातडी होती. "हे बघा, मॅडम. मीच होते ती. यांनीच मला सांगितलं, एवढ्याशा भाजण्याची नोंद कशाला करता, ताई. नोंद केली की चौकशी लागेल, आणि चौकशी लागली की तुमच्या जाऊबाईंचं ऑपरेशन लांबेल. गप्प बसा, मी त्यांचं लवकर करून देतो. म्हणून बसले मी गप्प! हिच्यासाठी बसले!"

थोरलीने मान वळवून तिच्याकडे बघितलं. धाकटीचं गप्प बसणं नोकरीच्या भीतीने आहे असं तिने धरलं होतं, आणि मनातल्या मनात तिच्यावर रुसूनही घेतलं होतं. ज्या दोघी एकमेकींना सोडवायला धावल्या, त्या दोघींना या माणसाने एकमेकींच्या पायात पाय घालून पाडलं होतं. आणि बसला होता कसा, तर देवमाणसासारखा.

अधिकारी मॅडमनी ती बोटं नीट बघितली. मग त्यांनी चष्मा खाली ओढला आणि जाड पुस्तक उघडलं.

"अपघात मुदतीत लेखी कळवलेला नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता. "मला दिसतंय सगळं. पण कायद्याच्या दृष्टीने तो झालेलाच नाही. माझे हात बांधलेले आहेत."

"तुमचे बांधलेत, मॅडम. माझा फाटलाय," थोरली म्हणाली.

"एक करता येईल. तुम्ही आत्ता हात वर करून दाखवा. जमत नसेल तर मी तशी नोंद करते."

थोरली उठली. दात आवळून तिने उजवा हात उचलायला सुरुवात केली. छातीपर्यंत आला. खांद्याशी पोचता पोचता तिच्या कपाळावर घाम फुटला आणि हात दगडासारखा खाली पडला.

"नाटक आहे," वकील म्हणाला. "त्या दिवशी वर गेला, मग आज का जात नाही?"

"जाईल ना, आजसुद्धा जाईल!" थोरली त्याच्याकडे वळली. "तुझा हात घाल त्या रोलरमध्ये आणि मार एक किंकाळी. माझा हात जातो का वर ते बघ मग! पार तुटून पडला तरी जाईल. तूसुद्धा कुणाचा तरी लेक आहेस, बाबा. तुझ्यासाठीही ओढेन मी दोरी."

वकिलाने लॅपटॉप मिटला. अधिकारी मॅडमनी निकाल लिहिला. आज हात वर गेला नाही ही नोंद त्यांनी केली, त्यांचं पेन दोनदा थांबलं, पण हात एकदा चालताना दिसला होता, आणि शेवटी निकाल लागायचा तोच लागला. ऑपरेशन नामंजूर. कामगार कामास पात्र.

बाहेरच्या जिन्यावर साखरसाहेबांनी दोघींना गाठलं.

"वाईट वाटून घेऊ नका, ताई. उलट चांगलंच झालं. हात बरा आहे म्हणजे आता काचेत बसायला नको. सोमवारपासून तुमच्याच रोलरवर या. जोडी पुन्हा जमली की!"

सोमवारी थोरली गेली. धाकटीने तिचे केस नेहमीपेक्षाही घट्ट बांधले होते. थोरली झेलायच्या बाजूला उभी राहिली. डोक्यावर लाल दोरी होती, आणि तिथवर तिचा उजवा हात जाणार नव्हता. डावा जाईल, पण आयुष्यभराची सवय लागलेला उजवाच आधी धावला तर? आणि तेवढ्यात धाकटीची बोटं गेली तर?

धाकटीने ते आधीच ओळखलं होतं. तिने टाकाऊ चादरीची एक लांब चिंधी फाडून आणली, स्टुलावर चढली, दोरीच्या टोकाला गाठ मारली आणि चिंधी थेट थोरलीच्या डाव्या हाताशी खाली सोडली.

"उजवा हात एप्रनच्या खिशात ठेव," ती म्हणाली. "बाहेर काढलास तर याद राख."

"बघा हं, धाकटी असून दम देतेय मला."

"देणारच. कुणीतरी द्यायला हवा ना तुला."

वाफ सुरू झाली. रोलर फिरायला लागले. पहिली चादर आली, थोरलीने ती एका हाताने झेलली. दुसरी आली, ती अर्धी जमिनीवर लोळली. हॉस्पिटलची चादर होती. कुणीतरी आजारी माणूस आज त्या चादरीवर निजणार होता, त्याच्यावर त्याच्या डॉक्टरने सांगितलेले उपचार होणार होते. थोरलीने तिसऱ्या चादरीची वाट बघितली नाही. तिने चिंधी मुठीत धरली आणि सगळं अंग घालून खाली ओढली.

रोलर थांबला. शेजारच्या रोलरवरच्या बाईने मान वर केली, थोरलीची ताणलेली दोरी पाहिली आणि आपली ओढली. तिच्या पुढचीनेही ओढली. कुणी विचारलं नाही. बघता बघता हॉलभरचे रोलर थांबले आणि एवढी शांतता झाली की वाफेच्या पाइपाची गळती ऐकू यायला लागली.

साखरसाहेब धावत आले. "कुणाचा हात? कुणाचा हात गेला?"

"माझा," थोरली म्हणाली.

साखरसाहेबांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमचा हात तर खिशात आहे, ताई."

"माझा हात याच रोलरमध्ये गेला होता. त्यानंतर तो एकदाच वर गेला, तोही तुमच्या कॅमेऱ्यासमोर. तुम्ही लिहून घेतलंत बरा झाला म्हणून. मी नाही म्हटलं. त्या दिवशी मी सुटले म्हणाले, पण हात अजून सुटलेला नाही."

"आता हे काय नवीन! दोऱ्या सोडा बघू सगळ्यांनी."

एकही दोरी सुटली नाही. शेवटच्या रोलरवर एक बाई होती, कामावर लागून आठवडाही झाला नव्हता. तिनेसुद्धा दोरी दोन्ही मुठींनी धरून ठेवली होती. साखरसाहेब तिच्याकडे गेले, मग परत आले.

"कुठवर धरणार आहात?"

"ती सुटले म्हणेपर्यंत," धाकटी म्हणाली. "रिवाज आहे आमचा."

बाहेर हॉस्पिटलच्या ट्रकने हॉर्न दिला. मग दुसऱ्याने दिला. साखरसाहेबांच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी दिसली. आवाज मात्र अजून गोडच होता.

"ताई, एकच शब्द आहे. म्हणून टाका ना."

"ऑपरेशनची तारीख आणा," थोरली म्हणाली. "आणलीत की लगेच म्हणते."

साखरसाहेबांनी खिशातून फोन काढला आणि ते दाराकडे चालू लागले. फोन विमेवाल्यांना लावला की पोलिसांना, कुणाला कळलं नाही. थोरलीने चिंधीचा एक वेढा डाव्या मनगटाला घेतला आणि पाय रोवून उभी राहिली.